जुनी जपानी व्हॅन घरी सांभाळताना या चुका टाळा

माझ्दा बोंगो फ्रेंडी, टोयोटा एस्टिमा, मित्सुबिशी डेलिका या सात-आठ आसनी गाड्या जपानमध्ये वापरून झाल्यावर जहाजानं ब्रिटन आणि न्यूझीलंडला गेल्या. त्यांतली २.५ लिटर टर्बो डिझेल बोंगो वय झालं म्हणून मरत नाही, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, गेलं म्हणून मरते. त्यामुळे आधी तेच.

१९९५ साली आलेल्या या गाडीचं इंजिन पुढच्या आसनांखाली आहे आणि रेडिएटर पार नाकाशी. मधे लांब पाइप, शिवाय मागच्या हीटरसाठी आणखी एक जोडी थेट मागपर्यंत. एवढ्या वाटेत गळायला जागा भरपूर आणि हवा अडकायलाही.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे तापमानाच्या काट्यावर विसंबणं. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला आहे तोवरच काटा खरं सांगतो. पातळी उतरली की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा मधेच थांबलेला दिसतो. वर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, मात्र तापतच राहतं. खालचा ब्लॉक बिडाचा, दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत. हेड वाकतं, हेड आणि ब्लॉकमधला सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जातं, कधी हेडलाच चीर पडते. कूलंटच्या टाकीत पातळीचा प्रोब आणि केबिनमध्ये बजर बसवा. तापमानाचा नाही, पातळीचाच अलार्म हवा. या गाडीवर करण्यासारखं पहिलं काम हेच.

दुसरी चूक: टाकी काठोकाठ भरली म्हणजे कूलंट भरून झालं असं समजणं. हवा काढल्याशिवाय ते भरतच नाही. इंजिन पूर्ण गार असू द्या, पुढचा-मागचा दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवा. आसनाखालचं झाकण उचलून, टोकाला बोल्ट ठोकलेली रबरी नळी शोधा. बोल्ट काढा, नळी जमेल तितकी उंच धरून फनेल लावा आणि कूलंट हळूहळू ओता. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून १,५०० आरपीएमच्या आसपास ठेवा, अधूनमधून कूलंटचे रबरी होज दाबा. थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) उघडल्यावर रेडिएटरचे होज तापतात, मागच्या हीटरमधून सलग गरम हवा येते. हवा कधी गरम, कधी गार येत असेल तर आत अजून हवा आहे. शेवटी बोल्ट घट्ट लावा. पुढच्या दोन-तीन सकाळी गार इंजिनावर पातळी पाहा. गरम टाकीचं झाकण कधीही उघडू नका.

पातळी तरीही उतरत असेल तर कूलंटच्या वाटेत दाब भरून गळती दाखवणारा प्रेशर टेस्टर लावा, पण झाकणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नको. टेस्टरचा काटा खाली येऊ लागला की आधी मागच्या हीटरचे लोखंडी पाइप तपासा, ते गंजून पाझरतात. बाहेर कुठेच ओल नसेल तर कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू शिरतोय का ते दाखवणारी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करा. हेड गॅस्केट गेलं असेल तर पेट्रोल इंजिनावर द्रव पिवळा होतो, डिझेलवर हिरवट. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी अंगठ्यानं दाबून पाहा. दगडासारखा टणक लागला तर ज्वलनाचा दाब आत शिरतोय. अशा वेळी गळती थांबवणारी पावडर टाकू नका, ती हीटरच्या बारीक नळ्या बुजवते.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. इथिलीन ग्लायकॉलचं हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. रंग जुळतो म्हणून दोन प्रकारची कूलंट एकत्र करू नका.

टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडवणारा पट्टा) बदलल्याचं जपानी स्टिकर इंजिनाजवळ असेल तर त्यावरचे किलोमीटर आणि तारीख वाचून घ्या. मीटर मैलांत बदललेलं असेल तर हिशेब चुकतो. मुदत १,००,००० किलोमीटर. पुरावा नसेल तर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदलूनच गाडी वापरात घ्या.

जपानी बाजारातल्या बऱ्याच गाड्यांना खालून गंजरोधक थर नसतो आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. थर हवाच, पण घाईनं काळा थर मारू नका. आधी गंज खरवडून पत्रा उघडा करा, प्रायमर लावा, मग थर. गंजावरच थर बसवला तर आत ओल कोंडते आणि पत्रा नजरेआड कुजतो.

पार्ट मागवताना स्थानिक मॉडेलचं नाव सांगू नका. या गाड्यांना १७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, त्याजागी छोटा फ्रेम नंबर असतो. प्लेटवरचा तो नंबर आणि इंजिन कोड दोन्ही द्या.