पावसातल्या पदभ्रमंतीसाठी हलके रेनजॅकेट कसे निवडावे

पावसात तासन्‌तास चालणारा माणूस दोन बाजूंनी भिजतो, बाहेरून पावसाने आणि आतून स्वतःच्याच घामाने. रेनजॅकेट घेताना बहुतेकांचे सगळे लक्ष पहिल्या बाजूकडे असते आणि जॅकेटला लटकवलेल्या चिठ्ठीवरचे मोठे आकडेही तिकडेच ओढून नेतात. प्रत्यक्षात बऱ्या प्रतीच्या नव्या जॅकेटच्या कापडातून पावसाचे पाणी सहसा आरपार येत नाही. त्रास होतो तो कोंडलेल्या घामाचा, गळ्याशी आणि मनगटाशी शिरणाऱ्या ओघळांचा, आणि मान वळवली की डोळ्यांवर येणाऱ्या हूडचा. त्यामुळे निवड करताना कापडाच्या आकड्यांना थोडा वेळ द्यावा आणि जॅकेटच्या शिलाईला, मापाला व हवा खेळण्याच्या सोयीला जास्त.

पहिली पायरी : जॅकेट अंगावर किती वेळ राहणार ते ठरवा

हलके हा शब्द सैल आहे. २०० ग्रॅमच्या आतले जॅकेट अतिहलके समजले जाते, साधारण २०० ते ३५० ग्रॅमचे हलके, आणि ४०० ग्रॅमच्या पुढे दणकट जॅकेटांचा प्रांत सुरू होतो. अचानक सर आली तर असावे म्हणून जे सॅकच्या तळाशीच राहणार आहे, ते अतिहलके असलेले उत्तम, कारण ते नकोसे वाटून घरी राहत नाही. मात्र दिवसभर संततधार, पाठीवर जड सॅक आणि वाटेत काटेरी झुडपे किंवा खडक असतील, तर त्या शे-दीडशे ग्रॅमची बचत महागात पडते. सॅकचे पट्टे खांद्यावर सतत घासतात आणि अतिपातळ कापड सर्वांत आधी तिथेच झिजते.

कापडाच्या जाडीचा अंदाज डेनियरवरून येतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. ७ ते १५ डेनियरचे कापड फार नाजूक असते. नेहमीच्या डोंगरभटकंतीला २० ते ४० डेनियर सोयीचे पडते. कापडावर बारीक चौकड्या दिसत असतील तर ते रिपस्टॉप विणीचे आहे, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असल्याने लहानसे भोक फाटत पुढे सरकत नाही. वजनाचा आकडा वाचताना तो कोणत्या मापाच्या जॅकेटचा आहे हेही पाहावे, कारण बहुधा तो मध्यम मापाचा दिलेला असतो.

दुसरी पायरी : कापडाची रचना ओळखा

जलरोधक आणि तरीही वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा इतिहास फार जुना नाही. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई (टेफ्लॉन) या प्लास्टिकची तापवलेली कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एका झटक्यात खेचली, तेव्हा ती न तुटता कित्येक पट लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार झाले. ही छिद्रे पाण्याच्या थेंबाला फारच लहान, पण वाफेच्या रेणूला भरपूर मोठी असतात. गोर-टेक्स या जलरोधक कापडातला पातळ पडदा यातूनच आला. आज बऱ्याच जॅकेटांत पीटीएफईऐवजी पॉलियुरेथेनचा पडदा किंवा थर असतो आणि त्याच्या काही प्रकारांत छिद्रेच नसतात. ते आतल्या बाजूने ओलावा शोषून बाहेरच्या बाजूने सोडतात.

हा पडदा कसा बसवला आहे त्यावरून दोन, अडीच आणि तीन थरांची जॅकेटे होतात. दोन थरांच्या जॅकेटात पडदा बाहेरच्या कापडाला चिकटवलेला असतो आणि आतून जाळीचे सुटे अस्तर असते. ते अंगाला सुखद असते, पण वजन व आकारमान वाढवते. अडीच थरांमध्ये अस्तराऐवजी पडद्यावर नक्षीसारखा पातळ छाप मारलेला असतो. हे सर्वांत हलके आणि बहुधा स्वस्तही पडते, मात्र घाम आला की उघड्या दंडांना चिकटते. तीन थरांमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना कापड पक्के चिकटवलेले असते, त्यामुळे जॅकेट टिकते आणि आतून चिकचिक कमी जाणवते. वर्षातून बरेच दिवस पावसात काढणाऱ्याने परवडत असेल तर तीन थरांचेच घ्यावे, असे माझे मत आहे; अधूनमधून जाणाऱ्याला अडीच थर पुरेसे होतात आणि आत पातळ लांब बाह्यांचा टीशर्ट घातला की चिकटण्याची तक्रारही बरीच मिटते.

तिसरी पायरी : आकडे वाचा, पण त्यांच्या आहारी जाऊ नका

पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून किती उंचीला पाणी झिरपू लागते ते मोजतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. हा आकडा कामी येतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, ओल्या दगडावर बसताना किंवा गुडघा टेकताना, जिथे शरीराच्या भाराने पाणी कापडात दाबले जाते. १०,००० च्या आसपासचे जॅकेट सामान्य भटकंतीला चालते. जड सॅक आणि सलग पावसासाठी १५,००० ते २०,००० पाहावे. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आकडा वाफेचा. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते, ते तो सांगतो. १०,००० ग्रॅम हा आकडा भारदस्त वाटतो, पण २४ ने भागला तर तासाला जेमतेम ४१७ ग्रॅम उरतात आणि तेही प्रयोगशाळेतल्या अनुकूल परिस्थितीत. खड्या चढावर काही माणसांना तासाला एक लिटरपर्यंतही घाम येऊ शकतो. शिवाय ही चाचणी करण्याच्या पद्धती अनेक असून एकाच कापडाला त्यांतून वेगवेगळी उत्तरे मिळतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे बहुधा फसवे ठरते. काही कंपन्या आरईटी, म्हणजे कापड वाफेला किती अडवते, हे माप देतात. तिथे उलटा हिशेब असतो, आकडा जितका कमी तितकी वाफ सहज बाहेर जाते. ६ च्या खालचा आकडा उत्तम, आणि २० च्या वरचा असेल तर दमदार चढाईसाठी ते जॅकेट विसरावे.

चौथी पायरी : हवा खेळण्याची सोय पाहा

वाफ कापडातून बाहेर जाते ती आत-बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. बाहेर थंड व कोरडे असेल तर फरक मोठा असतो आणि पडदा जोमाने काम करतो. बाहेर उष्ण, दमट आणि पावसाने ओथंबलेले असेल तर तो फरक घटतो आणि महागड्यातले महागडे कापडही मंदावते. अशा हवेत खरा उपयोग होतो तो काखेखालच्या चेनचा. कोपरापासून बरगडीपर्यंत जाणारी, दोन्ही टोकांनी उघडणारी चेन असेल तर पाऊस चालू असतानाही ती उघडी ठेवून चालता येते. तिने थोडे वजन वाढते म्हणून अतिहलक्या जॅकेटांतून ती हमखास गाळलेली असते. दमट प्रदेशात चालणाऱ्याने मात्र चिठ्ठीवरचा वाफेचा आकडा ५,००० ग्रॅमने कमी असला तरी काखेची चेन असलेले जॅकेट उचलावे. आत जाळीचे कापड असलेले छातीचे खिसेही उघडे ठेवता येतात, मात्र तेवढ्या वेळापुरते त्यांत काही ठेवण्याची आशा धरू नये.

पाचवी पायरी : जॅकेट उलटे करून तपासा

सुई जिथून गेली तिथे भोक पडते, म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून जलरोधक पट्टी चिकटवलेली असावी लागते. जॅकेट उलटे करून उजेडात धरावे आणि शिवणीवरून बोट फिरवत जावे. पट्टी सलग, सपाट आणि कडेपर्यंत बसलेली हवी. काख, हूड आणि गळपट्टी जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यांत ती सुरकुतलेली किंवा उचललेली असेल तर ते जॅकेट परत ठेवावे. काही जॅकेटांत खांदे आणि हूड अशा मोजक्या शिवणींनाच पट्टी असते. शहरातल्या रिमझिमीला ते चालते, डोंगरावर नाही.

मुख्य चेनवर एक तर बाहेरून झाकणारी पट्टी असते किंवा चेनवरच रबरासारखा थर असतो. अशी थराची चेन पाणी बरेचसे अडवते, पूर्णपणे नाही, म्हणून तिच्यामागे आतून कापडाची पट्टी आहे का ते पाहावे. हनुवटीपाशी चेनचे टोक झाकणारा मऊ तुकडा असला तर वर-खाली करताना त्वचा घासत नाही.

सहावी पायरी : सॅक पाठीवर घेऊन घालून पाहा

नुसते आरशासमोर उभे राहून रेनजॅकेटचे माप कळत नाही. आत नेहमीचा गरम कपडा घालावा, शक्य असल्यास भरलेली सॅक पाठीवर घ्यावी आणि दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. पाठीचा घेर कमरेवर चढला किंवा बाही मनगटावरून चार बोटे मागे सरकली तर माप लहान किंवा कापणी चुकीची आहे. खिसे कमरपट्ट्याच्या वर उघडतात का ते याच वेळी दिसते. पट्ट्याखाली दबलेले खिसे ट्रेकमध्ये निरुपयोगीच.

हूडला वेळ द्यावा. तो घालून नाड्या आवळाव्यात आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवावी. हूड डोक्याबरोबर वळायला हवा. डोके वळले आणि समोर हूडचे अस्तर आले तर निसरड्या वाटेवर तो धोका आहे. पुढची कड थोडी ताठ असावी, म्हणजे वाऱ्यात ती कपाळावर लोळत नाही आणि चष्मा वापरणाऱ्यांच्या काचांवर थेंब कमी येतात. मागच्या बाजूस आवळण्याची सोय नसलेला हूड मी घेणार नाही. मनगटाशी वेल्क्रोची पट्टी नुसत्या इलॅस्टिकपेक्षा चांगली, कारण काठी धरलेला हात वर गेला की बाहीतून कोपरापर्यंत ओघळ येतो तो तीच थांबवते. रंग भडक असलेला बरा. धुक्यात मागचा माणूस दिसायला हवा.

सातवी पायरी : बाहेरचा लेप आणि पुढची निगा

नव्या जॅकेटवर पाणी टाकले की मोत्यांसारखे गोळे होऊन घरंगळते. हे काम पडद्याचे नाही, बाहेरच्या कापडावरील पाणी झटकणाऱ्या लेपाचे आहे, आणि तो झिजतो. लेप गेला की बाहेरचे कापड ओलेचिंब होऊन अंगाला थंड लागते, त्यातून वाफही नीट जाईनाशी होते आणि आत घाम साचतो. जॅकेट गळू लागले म्हणून टाकून देणाऱ्या कित्येकांची खरी अडचण एवढीच असते. पूर्वी हे लेप प्रामुख्याने फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत; ती निसर्गात विघटित होत नसल्याने आता अनेक कंपन्या त्यांच्याविना लेप करू लागल्या आहेत. नवे लेप तेल आणि मळ यांना कमी अडवतात, म्हणून असे जॅकेट घेतले तर ते अधिक वेळा धुण्याची तयारी ठेवावी.

धुताना सर्व चेन लावाव्यात, अशा कापडांसाठीचा खास द्रव किंवा सौम्य साबण वापरावा आणि भरपूर पाण्याने खळबळावे. कपडे मऊ करणारा द्रव अजिबात वापरू नये. आतल्या लेबलवर परवानगी असेल तर वाळवणयंत्रात मंद आचेवर फिरवावे, कारण उष्णतेने लेप पुन्हा कामाला लागतो. यंत्र नसल्यास मध्ये कापड ठेवून हलकी इस्त्रीही चालते. एवढे करूनही पाणी घरंगळत नसेल तर लेपाचा फवारा आणून पुन्हा मारावा. ओले जॅकेट तसेच पिशवीत कोंबून ठेवले तर पॉलियुरेथेनचा थर काळाने चिकट होऊन पापुद्र्यासारखा सुटतो आणि मग त्याला इलाज उरत नाही, म्हणून घरी आल्यावर ते आधी सावलीत पूर्ण वाळवावे आणि घडी न दाबता हँगरला लावावे.