रात्री तीन वाजता मन दोष द्यायला लागलं तर काय करायचं: आत्मिक लढाईत देवाच्या बळावर उभं कसं राहायचं

आत्मिक लढाई, म्हणजे मनात उठणाऱ्या सैतानाच्या आरोपांशी होणारी झुंज, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ओरडून केलेली प्रार्थना, हात वर, घामाघूम झालेला पास्टर, असंच काहीतरी येतं. माझी लढाई बहुतेक वेळा रात्री पावणेतीन-तीनच्या सुमाराला, पलंगाच्या कडेवर बसून, घरातलं कोणी उठू नये म्हणून तोंडातल्या तोंडात झालेली आहे, आणि मंडळीतल्या (चर्चमधल्या) बायकांशी इतकी वर्षं बोलून सांगते, बहुतेकींची अशीच असते. झोप अचानक मोडते, छातीत काहीतरी बसल्यासारखं होतं आणि एक जुनी गोष्ट समोर येऊन उभी राहते. त्या तासाचं काय करायचं तेवढंच लिहितेय. प्रार्थना करता, बायबल वाचता, हे धरून चाललेय.

उठून बसा, लाइट लावा, पाणी प्या. अंथरुणात पडून ही लढाई लढू नका.

मग आधी शरीर बघा. रात्री जेवला होतात का, बीपीची गोळी घेतली का, किती दिवस नीट झोप नाहीये. १ राजे १९ मध्ये एलिया झुडपाखाली बसून मरण मागतो तेव्हा देव त्याला भाषण देत नाही, झोपू देतो, दूत येऊन दोनदा खायला घालतो, आणि मग पुढचं बोलणं होतं. धडधड आणि घाबरं होणं रोजचंच झालं असेल, आठवडेच्या आठवडे कशात मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे जा, प्रार्थना चालू ठेवून जा, आणि चालू असलेली गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. 'विश्वास असेल तर गोळ्या कशाला' असं म्हणणाऱ्या माणसाला तुमच्या घरात प्रार्थनेला बोलवू नका, असं मी स्पष्ट सांगते. जीव नकोसा झालाय असं वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका, घरातल्या माणसाला आत्ता उठवा, नाहीतर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. आणि भूत काढायचं म्हणून कोणी मारहाण करत असेल, बांधून ठेवत असेल, तर ते ख्रिस्ताचं काम नाहीच, महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

आता मन नक्की काय म्हणतंय ते एका वाक्यात वहीत लिहा. मोघम लिहू नका. 'मी वाईट आहे' हे वाक्य नाही, 'मी अमुक दिवशी अमुक केलं' हे वाक्य. इथेच निम्मा निकाल लागतो, कारण पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा नेमक्या जागेवर बोट ठेवतो आणि बाहेर यायचा रस्ताही दाखवतो, आणि दोष देणारा, म्हणजे सैतान, म्हणतो 'तू आहेसच अशी', त्याच्याकडे रस्ता नसतो. लिहायला गेल्यावर वाक्यच तयार होत नसेल, नुसतं धुकं असेल, तर रोमकरांस ८:१ (ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही) मोठ्याने वाचा आणि झोपा.

आरोप खोटा असेल तरीही तेच करा. सोपं आहे ते.

आरोप खरा असेल तेव्हा काय करायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि यावर कोणी नीट शिकवत नाही म्हणून मी कित्येक वर्षं त्यात अडकले होते.

माझी आई राहुरीकडे गावाला असायची, मी नगरला. एका गुरुवारी तिचा फोन आला, 'रविवारी येशील का गं, कुरडया काढून ठेवल्यात तुझ्यासाठी.' त्या रविवारी आमच्या मंडळीचा वार्षिक मेळावा होता आणि जेवणाची जबाबदारी माझ्याकडे होती, मी म्हटलं पुढच्या रविवारी येते. बुधवारी आई गेली. कुरडयांचा डबा नंतर भावाने आणून दिला, वर तिच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला होता, दोन गाठी मारून. तो डबा मी वर्षभर उघडला नाही. आणि रात्री तीन वाजता वाक्य यायचं, देवाच्या सेवेचं नाव पुढे केलंस आणि आईला एकटं ठेवलंस.

यावर मला मिळालेले सल्ले बघा. एकजण म्हणाली तुझी काही चूकच नाहीये, तुला काय माहीत असणार. प्रेमाने म्हणाली, पण मला आतून माहीत होतं की हे खरं नाही, म्हणून त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. दुसऱ्यांनी शिकवलं की 'सैताना, तुला येशूच्या नावाने बांधते' असं जोरात म्हणायचं. म्हटलं, रोज म्हटलं, घसा बसेपर्यंत म्हटलं, आणि ते वाक्य तिथेच उभं राहिलं, कारण ते खरं होतं आणि खऱ्या गोष्टीवर ओरडून ती खोटी होत नाही. शिवाय यहूदाच्या पत्रात बघा, मीखाएल आद्यदेवदूत असूनसुद्धा सैतानाशी स्वतःच्या जोरावर भांडत नाही, 'प्रभू तुला धमकावो' एवढंच म्हणतो. आणि प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये स्किवाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले ते उघडे आणि जखमी होऊन घरातून पळाले. नाव मोठ्याने घेतलं म्हणजे देवावर विसंबलो असं होत नाही.

तिसरा सल्ला सगळ्यात वाईट, आणि तो मीच मला दिला. एकवीस दिवस उपास, पहाटे चारला उठून प्रार्थना, असं देवाला कबूल केलं. नवव्या दिवशी ताप आला, झोपून राहिले, आणि त्या रात्री आरोप दुप्पट होऊन आला, आधी आईला शब्द देऊन मोडलास, आता देवाला. म्हणून माझा पक्का नियम आहे, रात्री देवाला कसलंही वचन द्यायचं नाही. उपास चांगलाच आहे, पण तो दिवसा, मन शांत असताना, भरपाईचा हिशोब डोक्यात नसताना ठरवायचा. रात्री तीनला दिलेलं वचन म्हणजे आपणच आपलं तारण हप्त्याने फेडायला काढलेलं असतं, आणि तो हप्ता चुकणार म्हणजे चुकणारच.

सुटका झाली ती महिला मंडळातल्या एका म्हाताऱ्या मावशींमुळे. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'नाही गेलीस ना? मग तसंच सांग की देवाला. तू त्याला आधी कारणं सांगतेस.' आणि त्यांनी मला जखऱ्या ३ वाचायला लावलं. यहोशवा मुख्य याजक उभा आहे, अंगावर मळकी वस्त्रं, उजव्या हाताला सैतान उभा, दोष द्यायला. त्या प्रसंगात यहोशवा एक शब्दही बोलत नाही. वस्त्रं स्वच्छ आहेत असं कोणी म्हणत नाही, ती मळकीच आहेत. सैतानाला धमकावतो तो परमेश्वर, वस्त्रं काढायला सांगतो तो परमेश्वराचा दूत, आणि यहोशवा नुसता उभा राहून ती काढू देतो. मी तो अध्याय लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकला होता, पण यहोशवा गप्प आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग करायचं कसं, ते हळूहळू सांगते. आरोपाशी वाद घालायचा नाही, त्याच्याशी बोलायचंच नाही, तोंड देवाकडे फिरवायचं. आणि घडलं ते तारीखवार सांगायचं. 'कळत-नकळत घडलेल्या पापांची क्षमा कर' हे रविवारच्या उपासनेत सगळ्यांबरोबर म्हणायला ठीक, इथे चालणार नाही. मी जे म्हटलं ते असं, 'प्रभू, गुरुवारी आईचा फोन आला. मेळावा होता हे खरं, पण जेवणाचं दुसरं कोणी बघितलं असतं हेही खरं. मला एसटीने जायचा कंटाळा आला होता. मी तुझ्या सेवेचं कारण पुढे केलं.' हे शेवटचं वाक्य बाहेर यायला मला तीन रात्री लागल्या, कारण आरोपातसुद्धा मी स्वतःला 'सेवा करणारी' म्हणून थोडं झाकून ठेवलं होतं. तुमच्या आरोपाखालीही असं एक वाक्य असतं. ते सापडेपर्यंत थांबा, घाई करू नका, रडायला आलं तर रडा.

मग १ योहान २:१ वाचा. तिथे येशूला आपला कैवारी म्हटलंय. खटल्यात आपण गुन्हा नाकारत नाही, कैवारी आपल्या बाजूने बोलतो, आणि तो आपल्या चांगुलपणावर बोलत नाही, स्वतःच्या रक्तावर बोलतो. एवढं वाचलं की गप्प बसा. भरपाई बोलू नका, 'यापुढे मी' अशी सुरुवात झाली की तिथेच तोंड बंद करा. वहीत तारीख लिहा, खाली 'दिलं' असं लिहा, वही मिटा.

काही वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला शांती वगैरे काही वाटली नाही, पाय गार पडले होते आणि झोप येत होती. भावना आली नाही म्हणून क्षमा झाली नाही असं समजून पुन्हा तेच कबूल करत बसू नका, बायका वर्षानुवर्षं एकच पाप दर रविवारी कबूल करतात, तो नम्रपणा वाटतो पण त्यात देवाच्या शब्दावर विश्वास नसतो. तोच आरोप परत आला (येतोच) तर वहीतली तारीख काढून दाखवायची, हे त्या दिवशी देवाला दिलंय, आता येशूशी बोल. आणि दोषी वाटतंय म्हणून प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरस घ्यायच्या) रविवारी मागच्या बाकावर बसून राहायचं, घ्यायला उठायचं नाही, हेही बंद करा. ते मेज मळकी वस्त्रं घेऊन आलेल्यांसाठीच मांडलेलं आहे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला पुढे आणखी आठेक वर्षं गेली. एवढी हुशार, संस्कृत शास्त्र पाठ असलेली बाई, तिलासुद्धा 'माझ्याने काही होत नाही, तूच कर' इथपर्यंत यायला इतका वेळ लागला. केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्यानंतरचं आहे (दौंडजवळचं केडगाव, आमच्या नगरचं नव्हे). म्हणून वेळ लागला तर घाबरून जाऊ नका.

आता शस्त्रसामग्री, म्हणजे इफिसकरांस ६ मध्ये पौल या लढाईसाठी धारण करायला सांगतो ती. त्यावरची प्रवचनं तुम्ही ऐकली असतील, रोज सकाळी हाताने हवेत शिरस्त्राण घालायचं, कंबरपट्टा बांधायचा, असं शिकवणारेही भेटले असतील. लहान मुलांना शिकवायला छान आहे, मोठ्यांनी त्यावर थांबू नये. यशया ५९:१७ उघडा, तिथे नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण खुद्द परमेश्वर घालतो. म्हणजे पौल सांगतोय ती सामग्री देवाची स्वतःची आहे, आपण घरी बनवलेली नाही. माझ्या नीतिमत्त्वाचं उरस्त्राण असतं तर त्या गुरुवारीच त्याला भोक पडलं होतं. आणि त्या वचनांत पौल पुन्हापुन्हा टिकाव धरायला, उभं राहायला सांगतो, अंगावर धावून जायला एकदाही सांगत नाही. रात्री आपलं काम तेवढंच, जागा सोडायची नाही.

अजून एक, ते सगळं 'तुम्ही' असं अनेकवचनात लिहिलंय. ढालीसाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचं नातं दाराच्या शब्दाशी आहे, दारासारखी उंच रोमी ढाल, शेजारच्याच्या ढालीला लावून भिंत करायची. एकट्याने ती अर्धीच कामाची. म्हणून दुसऱ्या दिवशी एका माणसाला सांगा. एकालाच, ग्रुपवर नाही. व्हॉट्सॲपच्या प्रार्थना ग्रुपवर टाकलं की वीस हात जोडलेले इमोजी येतात आणि संध्याकाळपर्यंत तुमची गोष्ट तिसऱ्याच मंडळीत पोचते. वयाने मोठं, तोंडाने घट्ट, आणि उपदेश न करता ऐकणारं माणूस शोधा. निर्गम १७ मध्ये मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी धरून बसले, सूर्य मावळेपर्यंत. मावशींनी माझ्यासाठी तेच केलं, दर मंगळवारी फोन, दोन मिनिटं, 'झोप लागली का?'

आणि सकाळी जे देणं आहे ते द्या. पैसे घेतले असतील तर परत करा, कोणाला बोलला असाल तर जाऊन माफी मागा, ही भरपाई नव्हे, क्षमा मिळालेल्या माणसाचं साधं काम आहे. आई नव्हती, तिला सांगता येणार नव्हतं. मी भावाला फोन केला आणि त्याला खरं कारण सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मीही त्या आठवड्यात तिच्याशी नीट बोललो नव्हतो गं. पुढच्या रविवारी तो आणि वहिनी घरी आले, मी डब्याच्या दोन गाठी सोडल्या आणि कुरडया तळल्या.