रायफलचा दस्ता बदलताना

रेमिंग्टन ७०० एसपीएसचा कारखान्यातला प्लास्टिक दस्ता लवचिक असतो. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) भार आला की तो वाकून नळीला टेकतो आणि गोळ्या विखुरतात. आधीचा दस्ता मुळातच ताठ असेल, तर तो बदलून नेम फारसा सुधारत नाही. गाल नीट टेकतो, एवढाच फायदा. तोही मोठाच.

आधी चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा. मग स्कोपचे (नेमाच्या दुर्बिणीचे) स्क्रू तपासा, गोळ्या विखुरण्याचा दोष बरेचदा तिथेच असतो.

अ‍ॅल्युमिनियम बेडिंग ब्लॉकचा (अ‍ॅक्शन, म्हणजे गोळी झाडणारी यंत्रणा, जिच्यावर टेकते त्या ठोकळ्याचा) दस्ता बसवताना रायफल नळी वर करून उभी धरा, म्हणजे रिकॉइल लग (धक्का पेलणारा खुंट) मागे घट्ट टेकतो. दस्त्याचा पुढचा स्क्रू आधी आवळा, मग मागचा. दोन्ही ६५ इंच-पाउंडला. लाकडावर एवढा जोर नको, ते दबतं. मॅगझिनचा डबा किंचित हलायला हवा. तो चेपला तर अ‍ॅक्शनवर ताण येतो. नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवताना कागदाची पट्टी अडखळली, तर तिथेच दस्ता घासा. शेवटी स्कोप पुन्हा झीरो करा, म्हणजे गोळी लागते तिथेच त्याचा नेम जुळवा.