दुष्परिणाम घोकू नका, औषधाचा माग काढा

मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. केसपेपरवर लिहिलेली औषधं एकमेकांशी जुळतात का, हे तपासणं माझं रोजचं काम. शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, एवढे साइड इफेक्ट पाठ कसे करायचे?" करायचेच नाहीत. माहितीपत्रकात एकेका गोळीखाली त्रासांची लांबलचक यादी असते, आणि मळमळ, डोकेदुखी, चक्कर ही मंडळी जवळपास प्रत्येक यादीत हजर. ती घोकून परीक्षा निघून जाते, पण रुग्ण समोर बसला की काही आठवत नाही.

सुटं औषध न घेता गट घ्या. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही बीपीच्या औषधांच्या एकाच गटातली भावंडं. एकाचं कळलं की सगळ्यांचं कळतं. मग विचारा: हे औषध शरीरात नेमकं काय अडवतं? हा गट 'एसीई' नावाचं एन्झाइम अडवतो. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. पण हेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य मोडायचंही काम करतं. ते थांबलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि कोरडा खोकला मागे लागतो. क्वचित ओठ, जीभ, घसा सुजतो. तेव्हा मात्र एक मिनिटही घालवायचं नाही. शिवाय पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला लावणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घटल्यामुळे पोटॅशियम चढतं. तीन दुष्परिणाम आणि पाठ काहीच करावं लागलं नाही. आता बीपीचंच लोसार्टन घ्या. ते एक पायरी पुढे, अँजिओटेन्सिन-२ जिथे चिकटतं त्या रिसेप्टरवर काम करतं, ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही. म्हणून खोकला सहसा नाही, पोटॅशियमची काळजी मात्र तशीच.

सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन असंच उलगडून बघा. ते मेंदूत शिरतं म्हणून झोप येते. अॅसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या निरोप्यालाही अडवतं म्हणून तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते.

सगळेच दुष्परिणाम असे उलगडत नाहीत. १९७७ मध्ये रॉलिन्स आणि थॉम्प्सन या औषधशास्त्रज्ञांनी दुष्परिणामांचे दोन गट पाडले, ते आजही उपयोगी पडतात. 'ए' गटातले औषधाच्या कामातूनच येतात, डोस वाढला की वाढतात. 'बी' गटातले अवचित येतात. पेनिसिलिनची अॅलर्जी हे ठळक उदाहरण. या दुसऱ्या गटापुरतं पाठांतर हवंच, पण यादी आखूड ठेवा. फिट्सवरची कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन किंवा को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू असताना अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले, किंवा मनोविकारावरचं क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आणि घसादुखी झाली, तर आधी औषधावर संशय घ्यायचा.

पत्रकातले 'कॉमन' आणि 'रेअर' हे शब्दही मोघम नाहीत. 'कॉमन' म्हणजे १०० जणांत १ ते १० जणांना, 'रेअर' म्हणजे १०,००० जणांत १ ते १० जणांना. मुलं नेमकी 'रेअर'वाली ओळ लक्षात ठेवतात आणि पायाची सूज नजरेतून सुटते.

ही सूज म्हणजे बीपीच्या अॅम्लोडिपिनची. ते बारीक धमन्या सैल करतं, शिरा तितक्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्यापाशी जमतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळे लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी हटत नाही. तरी ती दिली जाते, मग पोटॅशियम उतरतं, मग पोटॅशियमचं औषध सुरू होतं. एकाचं निस्तरायला दुसरी, दुसरीचं निस्तरायला तिसरी! नवी तक्रार दिसली की 'हे कुठल्या गोळीचं काम?' हा प्रश्न पहिला. संशय आला म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवायचं.

आता दोन औषधांची गाठ. इथे दोन वाटा आहेत.

पहिली वाट परिणामांची: दोघं एकाच दिशेने ओढतात किंवा एकमेकांविरुद्ध. झोपेची गोळी आणि मॉर्फिन मिळून श्वास मंदावतात. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) आणि हृदयविकारातल्या छातीदुखीवरचं नायट्रेट मिळून बीपी कोसळवतात. माझं आवडतं उदाहरण मूत्रपिंडाचं, कारण ते कागदावर काढता येतं. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचा गुच्छ काढा, आत येणारी नळी काढा, बाहेर जाणारी काढा. आत येणारी नळी प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे मोकळी राहते. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक ते द्रव्य बनणं बंद पाडतं. बाहेर जाणारी नळी अँजिओटेन्सिन-२ आवळून धरतं; एनालाप्रिल तिला सैल सोडतं. हायड्रोक्लोरोथायझाइड या बीपीसाठीच्या लघवीच्या गोळीने मुळात अंगातलं पाणीच कमी केलेलं असतं. आत येणारं रक्त कमी, दाब टिकत नाही, गाळणं मंदावतं आणि क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य रक्तात चढतं. बीपीच्या दोन गोळ्या नीट चालू असलेला माणूस गुडघ्यासाठी वेदनाशामक घेऊ लागतो, आणि उलट्या-जुलाबाचं निमित्त होऊन मूत्रपिंड बसतं. हे चित्र स्वतःच्या हाताने एकदा काढा. मी सगळ्यांना काढायला लावते.

दुसरी वाट पातळीची: एक औषध दुसऱ्याची रक्तातली पातळी चढवतं किंवा उतरवतं. सीवायपी-३ए-४ हे एन्झाइम खूप औषधं मोडतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक त्याला अडवतं, मग कोलेस्टेरॉलवरचं सिमव्हास्टॅटिन साचून स्नायूंची नासाडी होऊ शकते. ग्रेपफ्रूटचा रस आतड्यात हेच करतो. कॅनडातल्या डेव्हिड बेली यांना ते योगायोगाने कळलं: मद्य आणि बीपीचं औषध फेलोडिपिन यांचा संबंध तपासताना मद्याची चव झाकायला हा रस वापरला होता. ते निष्कर्ष १९८९ मध्ये छापून आले.

इथे मोठमोठे तक्ते पाठ करण्यात अर्थ नाही. वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे पातळी जरा हलली तरी घात करणारी औषधं: वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं), डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, थिओफिलिन, मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन. उजवीकडे दुसऱ्यांची पातळी हलवणारी: क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, मेट्रोनिडाझोल, अॅमिओडारोन, रिटोनाव्हिर, रिफाम्पिसिन, कार्बामाझेपिन. केसपेपरवर दोन्ही रकान्यांतलं एकेक नाव दिसलं की थांबून संदर्भ उघडायचा. दोन नावं डावीकडचीच असली म्हणून निर्धास्त राहू नका. फेनिटॉइन स्वतःही इतरांची पातळी उतरवतं. लिथियमचं तर वेगळंच, त्याला यकृत मोडत नाही, मूत्रपिंड बाहेर टाकतं. तिथे खलनायक म्हणजे वेदनाशामकं आणि लघवीच्या गोळ्या.

लोह किंवा कॅल्शियम थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनला पोटातच अडकवतात. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवलं की काम झालं.

हे सगळं येऊनही रुग्णाकडून पूर्ण यादी मिळाली नाही तर उपयोग शून्य. "कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला लोक फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सांगतात. अंगदुखीसाठी काय घेता, झोपेसाठी काय, सर्दीला काय, डोळ्यांत काय घालता, असं एकेक विचारा. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब दमेकऱ्याचा दमा उसळवू शकतात, पण थेंबांना कुणी औषध मानतच नाही. सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं आणि तापाची गोळी वेगळी चालूच असते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा अशी नकळत ओलांडली जाते.

आणि तारखा लिहा. एन्झाइम अडवणाऱ्या औषधाचा परिणाम एक-दोन दिवसांत दिसू लागतो. टीबीवरच्या रिफाम्पिसिनसारखं औषध मात्र यकृताला जादा एन्झाइम बनवायला लावतं. त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ओसरायलाही तितकेच. रिफाम्पिसिन चालू असताना वॉरफरिनचा डोस वाढवत न्यावा लागतो. कोर्स संपला, पण वाढवलेला डोस तसाच राहिला, तर रक्तस्राव होतो, आणि त्या दिवशीच्या यादीत रिफाम्पिसिनचं नावही नसतं. म्हणून त्याच्या शेवटच्या डोसाची तारीख वॉरफरिनच्या नोंदीशेजारी लिहायची आणि पुढचे काही आठवडे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) लवकर लवकर तपासायला सांगायचं.