मुलांचं चॅटिंग आवरायचं तर सुरुवात रात्रीपासून

रात्री उशिरापर्यंत कोण चॅटिंग करत होतं, हे मला पहिल्या तासाला हजेरी घेतानाच कळतं. नाव पुकारलं तरी शेजाऱ्याने कोपराने ढोसल्याशिवाय 'हजर' येत नाही. पालक विचारतात, "मॅडम, दिवसाला किती वेळ फोन द्यायचा?" मी म्हणते, तासांचा हिशेब नंतर करू, आधी रात्री फोन कुठे असतो ते सांगा.

१३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप मुळातच उशिरा येते. म्हणजे सगळाच आळशीपणा नसतो. पण शाळा काही उशिरा भरत नाही. आणि दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते बरंचसं झोपेत, त्यामुळे जागरणाचा फटका थेट अभ्यासाला बसतो.

तेव्हा चार्जर झोपायच्या खोलीबाहेर न्या. सगळ्यांचे, तुमचेसुद्धा. साधं गजराचं घड्याळ आणा, नाहीतर 'अलार्मसाठी हवा' हे कारण तयारच असतं. सहाला उठायचं असेल तर नऊ-साडेनऊला फोन बाहेर.

खरी गोची पुढेच आहे. मेसेज वाचायच्या ओढीपेक्षा उत्तर दिलं नाही तर 'भाव खातोय' म्हणतील, ही धास्ती मोठी असते. म्हणून फोन हिसकावू नका. मुलालाच ग्रुपवर लिहू द्या, "साडेनऊनंतर फोन बाहेर असतो, सकाळी बोलू." 'आई काढून घेते' असं लिहिलं तरी चालेल. तेवढी बदनामी सोसा हो! व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या टिका बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या दिसतातच. त्यामुळे ग्रुप म्यूट केलेला बरा.

अभ्यासाच्या वेळी फोन पालथा ठेवून भागत नाही. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की फोन हातात न घेताही नुसत्या नोटिफिकेशनने कामातलं लक्ष ढळतं. मला ते गणिताच्या वहीत दिसतं: तिसऱ्या पायरीनंतर एकदम पाचवी, आणि मधल्या मधे उणे चिन्ह गायब. अर्धा-पाऊण तास फोन दुसऱ्या खोलीत, मग पाच-दहा मिनिटं उत्तरांना, असं ठरवून द्या. मुलं हे मानतात, कारण उत्तर द्यायची वेळ नक्की असते.

मान दुखत असेल तर फोन डोळ्यांच्या पातळीला धरायला सांगा. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवल्यावर अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ आली, तर टायपिंग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मेसेज आला की मूल दचकतं, स्क्रीन लपवतं, शाळेला जायला नको म्हणतं, असं असेल तर प्रश्न चॅटिंग किती याचा नाही, कुणाशी आणि काय याचा आहे. तिथे फोन जप्त केलात तर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारच नाही. शेजारी बसून विचारा, मेसेज पुसू देऊ नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटा.