भागीदारी फर्म काढताना काय काय उरकायचं

नाव, पत्ता, पॅन, बँक खातं हे सगळेच करतात, पुढे चला. भागीदारीपत्र मात्र दुसऱ्याच्या फर्मचं आणून नुसती नावं बदलून छापू नका. नफ्यातोट्याचं प्रमाण लिहा, कारण लिहिलं नसेल तर 1932 चा भागीदारी कायदा वाटे सारखे धरतो, मग भांडवल एकाचं दहा लाख आणि दुसऱ्याचं दहा हजार का असेना. दुकान एकटा सांभाळत असेल तरी करारात नसलेला पगार त्याला मागता येत नाही. महिन्याची उचल किती, चेकवर सह्या कोणाच्या, बाहेर पडणाऱ्याचा हिशेब कोणत्या तारखेचा आणि गुडविल (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत) धरून की सोडून, हे गोडी आहे तोवरच ठरतं. भागीदार वारला तरी फर्म चालू राहील, अशी ओळ हवी. नाहीतर मृत्यूबरोबर फर्म विसर्जित. दोघंच असाल तर ही ओळही पुरत नाही, एकट्याची भागीदारी नसते. मुद्रांक शुल्क भांडवलावर ठरतं, हाताशी आहे त्या स्टॅम्पपेपरवर भागवू नका.

आता नोंदणी. रजिस्ट्रार ऑफ फर्म्स या सरकारी कार्यालयाकडची. नोटरीचा शिक्का, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र, यातलं काहीही तिच्या जागी चालत नाही. सक्ती नाही म्हणून लोक पुढे ढकलतात आणि उधारी बुडाली की त्याच कायद्याचं कलम 69 भेटतं: नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून वसुलीचा दावा लावता येत नाही. समोरचा मात्र तुमच्यावर खुशाल लावू शकतो. आपसातही तेच, भागीदारीपत्रावर बोट ठेवून भागीदार भागीदारावर दावा करू शकत नाही. दावा लावल्यावर नोंदणी केली तर तो दावा वाचत नाही. नवा लावावा लागतो आणि तोवर दावा लावायची तीन वर्षांची मुदत उलटलेली असू शकते.

नोंदणी झाली म्हणून सुटलात असंही नाही. दावा लावायच्या दिवशी भागीदार म्हणून दावा लावणाऱ्यांची नावं रजिस्ट्रारकडच्या रजिस्टरमध्ये असावी लागतात. नवा भागीदार घेतला, नवं पत्र केलं, बँकेला कळवलं, जीएसटीत बदल केला, आणि रजिस्टर राहिलं. हेच राहतं. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका फायनान्स फर्मचा दावा याच कारणाने टिकला नाही. भागीदार बदलला की आधी रजिस्टर, मग बाकी सगळं. वर्षातून एकदा उतारा काढून नावं ताडून बघा.

कराचं थोडक्यात: भागीदारांना व्याज आणि मेहनताना द्यायचा तर पत्रात हवा, व्याज 12 टक्क्यांपर्यंतच वजावटीला चालतं. 1 एप्रिल 2025 पासून एका भागीदाराला वर्षात ही रक्कम 20,000 वर गेली की 10 टक्के टीडीएस, म्हणजे फर्मने पैसे देतानाच कापायचा कर.

कोणी निवृत्त झालं तर जाहीर सूचना द्या: रजिस्ट्रार, राजपत्र आणि जिल्ह्यातलं एक स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र. तोवर नव्या देण्यांसाठीही तो अडकू शकतो. आणि त्याचं नाव रजिस्टरमधून काढा. हो, त्याच रजिस्टरमधून.