शेजारच्या आजींकडे दुपारी डोकवाच

नागपूर-चंद्रपुरात पारा ४५च्या घरात गेला की वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे दुपारी एक चक्कर मारा. आणि झोपायच्या आधीही, कारण तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत असतो. “पाणी प्यायलात का?” एवढं विचारून भागत नाही. वयापरत्वे तहानच कमी जाणवते, म्हणून समोर बसून ग्लासभर पाणी किंवा ताक प्यायला लावा. खोली चाळिशीपार तापली असेल तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. मान, काखा ओल्या फडक्याने पुसा.

बोलणं असंबद्ध झालं, तर थांबू नका. १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. हृदयाची, बीपीची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर किती पाणी चालेल, हे डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून ठेवा.